अठ्ठ्याहत्तरचा डोंगर

आम्ही गाडी दुकानात नेल्या नेल्या दस्तगीर नदाफने चाकांकडे पाहिलं नाही. त्याने अण्णांच्या हातांकडे पाहिलं.

"काका, हात दाखवा."

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. पाटबंधारे खात्यात ते तेहतीस वर्षं आरेखक होते, कालव्यांचे नकाशे शाईने काढायचे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा अजून होता. दस्तगीरने हात उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्येच का ते थरथरणारं हात?"

"मी फोनवर तसं म्हणालो नव्हतो."

"न्हाई, तसं न्हाई म्हणला. 'गाडीला काही झालेलं नाही, वडिलांच्या समाधानासाठी चाकं बघा,' असं म्हणला हुता."

हे खरं होतं. अण्णांनी हात मागे घेतले आणि दुकानावरच्या पाटीकडे बघत उभे राहिले.

आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती. अण्णांची मोठी बहीण, आमची आक्काआत्या, निपाणीला एकटी राहायची. जयसिंगपूरच्या आमच्या घरापासून निपाणी पंचाहत्तर किलोमीटर. आत्याचे यजमान गेले त्या वर्षी अण्णा गाडी शिकले, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आणि फक्त त्या एका रस्त्यासाठी. एक जुनी पांढरी गाडी घेतली. त्यानंतर सहा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी सकाळी सात वाजता ती गाडी निपाणीकडे निघायची. आई गेली त्या महिन्यातलाही दुसरा शनिवार अण्णांनी चुकवला नव्हता.

भाऊबिजेला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. कागल मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि अण्णांचे हात स्टीअरिंगवर थरथरायला लागले. मनगटापासून कोपरापर्यंत. शर्टाची बाहीसुद्धा हलत होती.

"अण्णा, हात."

"गाडी थरथरतेय," ते म्हणाले. "दसऱ्यापासून सुरू झालंय."

आत्याकडे चहा घेताना माझं लक्ष त्यांच्या कपाकडे होतं. कप बशीवर ठेवताना किणकिण वाजला. येताना शिरोली फाट्यावर मी स्टीअरिंग हातात घेतलं. त्या वर्षी साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीतच पेटली होती. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, काटा पन्नासच्या वर गेला नाही. घरापर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही. माझ्या दृष्टीने विषय संपला.

मी तेव्हा पुण्यात एका दैनिकात मुख्य उपसंपादक होतो. सहाला मजकूर हातात आला की साडेसहाला त्याचा मथळा तयार, ही माझी सवय. त्या सवयीने घरी पोचताच ठाण्याला पद्माताईला फोन केला. "अण्णांचे हात थरथरतात. गाडी बंद करायला हवी." तासाभरात ही बातमी ठाणे, हुबळी आणि इचलकरंजी अशा तिन्ही आवृत्त्यांत गेली. हुबळीच्या मामांनी तर मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर कळवला.

अण्णांनी सगळे फोन शांतपणे घेतले. शेवटचा झाल्यावर मला म्हणाले, "उद्या दस्तगीरकडे जाऊ. त्याच्या मशीनने चाकं बरोबर आहेत असं सांगितलं, तर किल्ली तुझी. गाडी पुण्याला घेऊन जा."

"आणि नाहीत असं सांगितलं तर?"

"तर ठाण्याला तू फोन करायचास."

मी लगेच हो म्हणालो. चाकांबद्दल मला जराही शंका नव्हती, कारण ती मीच नव्यासारखी करून दिली होती. तीन आठवड्यांपूर्वी खंडेनवमीला घरी आलो तेव्हा गाडी धुतली आणि गंजलेल्या रिमा घासून त्यांना चांदीचा रंग मारला. पूजेच्या वेळी त्यांच्यावर कुंकवाची बोटं अशी उठून दिसत होती की शेजारचे फोटो काढून घेऊन गेले.

सकाळी निघताना अण्णांनी मला त्यांच्या नकाशाच्या टेबलापाशी बोलावलं. आलेखाचा एक कागद पसरलेला होता. चारही कोपऱ्यांवर बोटाच्या पेराएवढे राखाडी धातूचे तुकडे ठेवले होते. नकाशाचा कागद गुंडाळी होऊ नये म्हणून ते नेहमीच काही ना काही ठेवायचे: कधी कुलूप, कधी अडकित्ता.

"हे एकदा वाच," ते म्हणाले.

"आल्यावर वाचतो, अण्णा. दस्तगीरला नऊची वेळ दिलीय."

त्यांनी चारही तुकडे उचलून टेबलाच्या कडेला ओळीत मांडले, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दस्तगीरचं दुकान शिरोळ रस्त्याला. पत्र्याची शेड, दोन बाजूंना टायरांच्या चळती, मधे चाकं तपासायचं मशीन. मशीनला पाडव्याची झेंडूची माळ अजून होती. अण्णा ज्या पाटीकडे बघत उभे होते, तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जो गाडी चालवतो त्यानेच बोलावे.'

"ही पाटी कशासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासारख्यांसाठी," दस्तगीर म्हणाला. "गाडी चालवतो बाप, दुखनं सांगतो ल्योक. चालवतो डायव्हर, सांगतो मालक. मग मी भलतंच चाक खोलतो. आता तुमी तकडं हुबं ऱ्हावा. काका, बोला. कवा थरथरती?"

"सदुसष्टला सुरू होते," अण्णा म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरला सगळ्यात जास्त. नव्वदच्या पुढे गेलं की कमी होते. पण नव्वदला मी दोनदाच गेलो. तेवढ्यापुरतं."

मी चमकलो. अण्णा नव्वदला जातात हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

"कशावरनं म्हंता?"

अण्णांनी खिशातून कागद काढून टायरांच्या चळतीवर पसरला. वाऱ्याने तो उडायला लागला, तसा दस्तगीरने फळीवरच्या डब्यात हात घातला, मूठभर काहीतरी काढलं आणि चार कोपऱ्यांवर चार तुकडे ठेवले. मग वाकून कागद पाहिला. आडव्या रेघेवर वेग होता, उभ्या रेघेवर थरथर: शून्य ते दहा, अण्णांच्या अंदाजाने. तीन फेऱ्यांच्या नोंदी, तीन रंगांची शाई. तिन्ही रेघा सदुसष्टपर्यंत जमिनीला चिकटून होत्या. तिथून चढायच्या आणि अठ्ठ्याहत्तरला टोक गाठून उतरायच्या.

दस्तगीर चौथी शिकलेला होता. त्याला तो कागद वाचायला दहा सेकंद लागले.

"अठ्ठ्याहत्तरला डोंगर हाय," तो म्हणाला. "हात थरथरत असतं तर चाळीसलाबी थरथरलं असतं, गाडी बंद असतानाबी. हातांना काय मीटर बगता येतोय व्हय? फुडची चाकं खोलू."

अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. ते कागदाच्या कोपऱ्यांकडे बघत होते. एक तुकडा त्यांनी उचलला, तळहातावर तोलला, परत ठेवला.

"दस्तगीर, हे काय असतं?"

"ही वजनं. शिशाची. चाकाचा तोल ऱ्हावा म्हनून."

"कुठे लावतात?"

"रिमच्या कडंला. ठोकून बसवायची."

"म्हणजे बाहेरून दिसतात?"

"दिसत्यात की. बगनाऱ्याला."

"असं होय," अण्णा म्हणाले.

तिथून पुढे ते बदलले. त्यांनी स्टूल मागून घेतलं, बसले, पायावर पाय टाकला. घरातून निघाल्यापासून त्यांच्या कपाळावर असलेली आठी गेली. हे मी टिपलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. मला वाटलं, दमले असतील.

दस्तगीरने डाव्या बाजूला जॅक लावला आणि पाना घेऊन नट सैल करायला बसला.

"रिमांचा रंग पाहिलास का?" अण्णांनी विचारलं.

"बगितला. झॅक हाय."

"आमच्या श्रेणिकने मारलाय. सांग रे त्याला कसा मारलास ते. सविस्तर सांग, त्याच्या कामाचं आहे."

माझ्या एखाद्या कामाबद्दल अण्णांनी परक्या माणसापुढे कौतुकाने बोलावं, हे क्वचितच घडायचं. मी पुढे आलो.

"आधी तारेचा ब्रश मारला. मग पॉलिश पेपर, ऐंशी नंबरचा आणि त्यावर एकशेवीसचा. टायरवर थेंब पडू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली. रंगाचे दोन हात, मधे चार तास वाळवले."

"घाई नाही केलीस," अण्णा म्हणाले.

"अजिबात नाही."

"आणि ते गंजके तुकडे? त्याचं सांग."

"हां, ते राहिलंच. रिमच्या कडेला काहीतरी गंजून बसलं होतं, प्रत्येक चाकाला एकेक. त्यावर रंग नीट बसेना. मग स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले. तेवढं मात्र जड गेलं. फार पक्के बसले होते."

दस्तगीरचा पाना थांबला.

"चारीबी काढलं?"

"चारही," मी म्हणालो. "एक सोडला नाही."

दस्तगीरने मान वळवून अण्णांकडे पाहिलं. अण्णा शेडच्या पत्र्याकडे बघत होते.

"काका, चिरंजीव पेपरात काय काम करत्यात?"

"दुसऱ्यांच्या चुका काढतो."

दस्तगीर खाली बसला, पुन्हा उठला, चळतीपाशी गेला आणि कागदाच्या कोपऱ्यावरचा तुकडा उचलून त्याने माझ्या हातावर ठेवला. माझ्या लगेच लक्षात आलं असं म्हणता येणार नाही. आधी मला त्याचा आकार ओळखीचा वाटला. मग टेबलाच्या कडेला ओळीत मांडलेले तुकडे आठवले. मग स्क्रू-ड्रायव्हर.

"अंगणात पडले होते," अण्णा म्हणाले. "कागदावर ठेवायला बरे वाटले म्हणून उचलले. गाडी का थरथरते हे शोधायला मी तीन आठवडे आलेख काढतोय आणि कागद धरायला हेच. आपल्या घरात असं आहे, दस्तगीर. काढणारा एक, उचलणारा दुसरा, आणि विचारायचं कोणी कोणाला नाही."

"तुम्हाला मघाशीच कळलं होतं," मी म्हणालो.

"कळलं होतं. पण तू इतकं छान सांगत होतास."

मी थोडा वेळ रस्त्यावरच्या ट्रॉल्या मोजल्या. मग मला एक गोष्ट सुचली आणि ती बोलल्याशिवाय राहवलं नाही. धंद्याची सवय. "पण ठरलंय ते मशीनचं. मशीन काय म्हणतं ते बघू."

"बरोबर आहे," अण्णा लगेच म्हणाले. "बघू."

दस्तगीरने चाक आधी धुतलं. मातीसकट चाक तो मशीनवर चढवत नसे. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही त्याने हुकाने काढला. मग चाक चढवलं, झाकण ओढलं. चाक सुसाट फिरलं आणि थांबलं. लाल आकडे उमटले.

"आत शून्य, भायेर पस्तीस," तो म्हणाला. "पस्तीस ग्रॅम, काका. एक मोठा पेढा. हुबं असताना काय न्हाई. पन अठ्ठ्याहत्तरला ह्यो पेढा चाकाला लाता घालतोय."

त्याने पस्तीसचं वजन ठोकलं, चाक फिरवलं. दोन्हीकडे शून्य आलं. मी हुश्श केलं, पण तो चाक उतरवायला लागेना. उलट त्याने ते सैल केलं, अर्धं वळवलं आणि पुन्हा आवळलं.

"शून्य आलं होतं की," मी म्हणालो.

"एकदा आलेल्या शून्यावर इस्वास ठेवायचा न्हाई. चाक वाकडं बसलं असलं तर तेबी शून्य दाखवतंय. वळवून परत बगायचं. तुमच्यात न्हाई बगत?"

"बघतात," अण्णा म्हणाले. "वेळ असला तर."

दुसऱ्यांदा पाच ग्रॅम आलं. त्याने वजन नखभर सरकवलं. तिसऱ्यांदा शून्य, चौथ्यांदा शून्य. मग दुसरं चाक. तिथे बाहेर पंचवीस. मागची दोन्ही झाली तोवर पावणेअकरा झाले होते. समोरच्या टपरीवरून चहा आला.

अण्णांनी बशी घेतली. कप वाजला, आदल्या दिवशी वाजला होता तसाच. दस्तगीरने ऐकलं, मीही ऐकलं. अण्णांनी चहा निवांत संपवला आणि रिकामा कप फळीवर ठेवला.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "हे दोन वर्षांपासून आहे. रिमांवर ढकलता येणार नाही. आता गाडी काढतो. अठ्ठ्याहत्तरला हात हलले, तर मशीन काय म्हणालं ते विसरायचं. श्रेणिक, किल्ली तुझी."

"अण्णा, तसं ठरलं नव्हतं."

"आता ठरवतोय."

ते चालवायला बसले. मी शेजारी. दस्तगीर मागे बसला, तो प्रत्येक गाडीच्या चाचणीला जायचा. सकाळच्या ट्रॉल्या एव्हाना कारखान्याच्या फाटकाशी रांगेत होत्या. सांगलीच्या दिशेने रस्ता मोकळा होता. अण्णांनी आलेखाचा कागद माझ्या मांडीवर दिला, वर पेन्सिल.

"मी वेग सांगतो. तू माझ्या हातांकडे बघ आणि बिंदू मांड."

"किती द्यायचे ते मी ठरवायचं?"

"तूच. मला तुझा निकाल हवाय."

"साठ," ते म्हणाले. मी शून्यावर बिंदू मांडला. "पासष्ट." शून्य. "सत्तर." मी हातांकडे बघत राहिलो. बोटं स्टीअरिंगवर होती, कालव्याच्या नकाशावर असायची तशी, दाब न देता. "पंचाहत्तर." शून्य. मागे दस्तगीर पुढे वाकला होता. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आमच्या तिघांत फक्त अण्णा रस्त्याकडे बघत होते.

"अठ्ठ्याहत्तर."

बाही हलली नाही.

"मांड की," अण्णा म्हणाले. "का पान अडलंय?"

मी मांडला. ते पंच्याऐंशीपर्यंत गेले, अंकलीच्या पुलाआधी हळू झाले आणि गाडी कडेला घेतली. मग माझ्या हातून कागद घेऊन त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. सगळे बिंदू शून्याच्या रेघेवर मांडले आहेत अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एक रेघेच्या वर होता, दोन खाली होते आणि अठ्ठ्याहत्तरचा तर चौकटीबाहेर गेला होता.

अण्णांनी कागद मागे दस्तगीरकडे दिला. "बघ रे. हात कोणाचा हलतो ते."

दस्तगीर इतका हसला की त्याला दार उघडून खाली उतरावं लागलं.

ठाण्याला फोन मी तिथूनच केला. अण्णा कान देऊन ऐकत होते.

"ताई, अण्णांचे हात ठीक आहेत. चाकांची वजनं निघाली होती, त्यामुळे गाडी थरथरत होती."

"निघाली कशी?"

"निघाली म्हणजे... काढली गेली होती."

"नाव छाप," अण्णा म्हणाले.

मी नाव सांगितलं. ताईने फोन बाजूला धरला. पलीकडे ती भावजींना सांगताना ऐकू येत होती. संध्याकाळपर्यंत ही बातमीही तिन्ही आवृत्त्यांत गेली. पहिल्यापेक्षा लवकर.

"आणि सांग," अण्णांनी माझ्या दंडाला हात लावला, "कप वाजतो. तेही सांग. अर्धं सांगू नकोस."

तेही सांगितलं.

यानंतर ते साडेतीन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी निपाणीला जात राहिले. मग एका एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं. काय ते फोनवर सांगितलं नाही. मी पोचलो तेव्हा टेबलावर एक मोठा कागद पसरलेला होता, कोपऱ्यांवर तीच चार वजनं. शेजारी गाडीची किल्ली.

"आधी वाच," ते म्हणाले. "या वेळी आधी."

कागदावर एकाखाली एक त्रेचाळीस आडव्या रेघा होत्या. फूटभर लांब, शाईच्या, पट्टी न लावता हाताने ओढलेल्या. प्रत्येकीच्या डाव्या टोकाला बारीक अक्षरात तारीख. दर महिन्याला एक. पहिल्या चाळीस सरळ होत्या. शेवटच्या तीन पाण्यावरच्या सावलीसारख्या हलल्या होत्या.

मी पहिल्या रेघेची तारीख पाहिली. ती भाऊबिजेची होती, आणि पुढे वेळही होती: रात्री साडेनऊ. म्हणजे हुबळीच्या मामांचा फोन येऊन गेल्यावर, दस्तगीरच्या मशीनने काही सांगण्याआधी. घरात कोणी विचारायच्या आत त्यांनी स्वतःलाच विचारलं होतं.

"गाडी कुठाय?" मी म्हणालो.

"दस्तगीरकडे. चाकं तपासायला दिलीत. देताना वस्तू नीट द्यावी." मग त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "रंगाचं काम काढू नकोस."

त्या दिवसापासून आक्काआत्या होती तोपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी मी पुण्याहून पहाटेच्या गाडीने यायचो आणि अण्णांना निपाणीला न्यायचो. ते माझ्या शेजारी बसायचे. कागलपर्यंत बोलायचे, आत्याचं, पाऊसपाण्याचं, माझ्या पेपरातल्या चुकांचं. कागल मागे पडलं, काटा अठ्ठ्याहत्तरवर आला की गप्प व्हायचे आणि मान वळवून माझ्या हातांकडे बघायचे.